'आय डाउट' म्हणजे नक्की काय? एका शब्दाने खाल्लेले दोन दिवस

मेथीची_जुडी
मंडळी, जखम ताजी आहे म्हणून लगेच लिहितेय.

मी पुण्यात एका आयटी कंपनीत टेस्टिंग करते. क्लायंट इंग्लंडमधला, त्यांची टीम लीड्सला बसते. गेल्या गुरुवारी त्यांच्या बिलांच्या बेरजा चुकायला लागल्या. एक बिल बरोबर, पुढच्यात एक पेनी कमी, त्याच्या पुढचं परत बरोबर. मी लॉग चाळले, तारखा जुळवल्या. डेटाबेसचं अपग्रेड ज्या रात्री झालं त्याच रात्रीपासून घोळ सुरू. मनात वाक्य तयार झालं: मला शंका आहे की हे अपग्रेडमुळेच होतंय. बोटांनी टाइप केलं: 'आय डाउट द डेटाबेस अपग्रेड इज कॉझिंग धिस.' मेल पाठवला आणि कंपनीची बस पकडायला पळाले.

शुक्रवार गेला, सोमवार गेला. तिकडचे दोन डेव्हलपर टॅक्सचा कोड उसवत बसलेले. सोमवारी रात्रीच्या कॉलवर मीच विचारलं, अहो, ते अपग्रेड मागे का घेत नाही तुम्ही? त्यांचा लीड पन्नाशीचा, शांत माणूस. तो म्हणाला, 'पण तूच लिहिलंस ना की त्याने होत नसावं?' मी म्हटलं, मी नेमकं उलटं लिहिलंय. त्याने स्क्रीन शेअर करून माझा मेल उघडला आणि ते वाक्य सावकाश वाचलं. कॉलवर अकरा जण. आमचे मॅनेजर म्यूटवर होते, ते म्यूटवरच राहिले.

घरी आल्यावर नवऱ्याला विचारलं. 'डाउट म्हणजे शंका. बरोबरच आहे तुझं.' मुलगी सातवीत आहे, तीही हेच म्हणाली. मग चुकलं कुठे?

पाचवा_मजला
बाई गं. मीही गेली बारा वर्षं असंच लिहितोय. आता जुने मेल उघडून बघायची हिंमत नाही. जागा धरून ठेवतो.

निवृत्त_मास्तर
जुडीताई, यात तुमच्याइतकाच आम्हा मास्तरांचाही दोष आहे. मी सांगली जिल्ह्यात चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. फळ्यावर लिहायचो: डाउट म्हणजे शंका, संशय. चार ओळी खाली: सस्पेक्ट म्हणजे संशय घेणे. दोन्हींपुढे एकच मराठी शब्द, पोरांनी वहीत उतरवून घेतला, पुढचा धडा. त्या दोन शब्दांची तोंडं दोन दिशांना आहेत हे सांगायचं राहूनच जायचं.

आपली 'शंका' दोन्हीकडे तोंड करते. 'मला शंका आहे की त्यानेच पैसे घेतले' म्हणजे घेतले असावेत. 'त्याने पैसे घेतले याबद्दल मला शंका आहे' म्हणजे घेतले नसावेत. शब्द तोच, 'की' आणि 'याबद्दल' एवढाच फरक, आणि आपल्याला तो लहानपणापासून न शिकवता कळतो. इंग्रजीत हे काम वाक्यरचनेकडे नाही, शब्दाकडे आहे. 'डाउट' क्रियापद म्हणून आलं की मनातलं उत्तर 'नसावं'. 'सस्पेक्ट' आलं की 'असावं'.

घरगुती उदाहरण देतो. पाहुणे येणार का असं विचारल्यावर सौ. म्हणाली, 'आय डाउट दे विल कम', तर एका वाटीचा भात लावा. 'आय सस्पेक्ट दे विल कम' म्हणाली तर तीन वाट्यांचा. तुम्ही लीड्सला एका वाटीचा निरोप धाडलात आणि पंगत बसायची वाट बघत राहिलात.

मेथीची_जुडी
मास्तर, दंडवत. 'असावं-नसावं' कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवतेय. पण एक सांगा, मग ते लोक 'आय डाउट इफ' आणि 'आय डाउट व्हेदर' का म्हणतात? 'इफ' आलं की मला ते पुन्हा अधांतरी वाटतं.

निवृत्त_मास्तर
'इफ', 'व्हेदर', 'दॅट' तिन्ही चालतात आणि तिन्हींत पारडं 'नसावं'कडेच. 'इफ' आणि 'व्हेदर'ने सूर जरा मवाळ होतो, 'दॅट'ने ठाम. मात्र मागे 'डोन्ट' लागला की गाडी उलटते. 'आय डोन्ट डाउट दॅट ही इज ऑनेस्ट' म्हणजे तो प्रामाणिक आहे हे मला मान्य. आणि बहुतेक वेळा पुढे 'बट' येतोच, सावध राहा.

अजून एक. माणसाचं नाव सरळ कर्म म्हणून आलं, 'आय डाउट हिम', तर त्याच्या शब्दावर माझा विश्वास नाही. 'आय सस्पेक्ट हिम' म्हणजे चोरी त्याने केली असं मला वाटतं. पहिल्यात तो खोटारडा, दुसऱ्यात गुन्हेगार. मराठीत दोघांनाही आपण 'त्याच्यावर संशय आहे' म्हणून मोकळे होतो.

ग्लासगोचा_गण्या
मास्तर, तुमच्या नियमावर पाणी ओतायला आलोय. अक्षरशः पाणी.

इथे आलो त्या पहिल्या वर्षीची गोष्ट. शेजारी एक स्कॉटिश आजीबाई राहायच्या. सकाळी निघताना जिन्यात भेटल्या, आभाळाकडे बघून म्हणाल्या, 'आय डाउट इट'ल रेन.' मी शाळेत नीट शिकलेला, असावं-नसावं पक्कं. म्हटलं, चला, पाऊस नाही. छत्री परत आत ठेवली. स्टेशनपर्यंत पोचेस्तोवर बुटात तळं.

संध्याकाळी त्यांनाच विचारलं. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. 'सांगितलं होतं ना तुला!' इथल्या जुन्या बोलीत 'आय डाउट' म्हणजे 'मला भीती आहे की होणार'. थोडक्यात, जुडीताईंचा मेल ग्लासगोतल्या एखाद्या आजीबाईंकडे गेला असता तर बरोबर वाचला गेला असता. क्लायंट बदला, इंग्रजी राहू द्या.

काळा_चहा
हाहाहा. 'क्लायंट बदला' हे आमच्या सेल्सवाल्यांना कळवतो.

निवृत्त_मास्तर
गणोबा, पाणी नाही, तूप ओतलंत. तुमच्या आजीबाई चुकत नाहीत, त्या जुन्या आहेत. हा शब्द फ्रेंचांकडून आला, त्यांनी लॅटिन 'दुबितारे'वरून घेतला. जुन्या फ्रेंचमध्ये त्याला शंका आणि भीती असे दोन्ही अर्थ होते. इंग्रजीत येताना दोन्ही घेऊन आला. पुढे भीती गळाली, पण खुणा राहिल्या: 'रिडाउटेबल' म्हणजे ज्याला वचकून राहावं असा. स्कॉटलंडात तो जुना अर्थ बोलण्यात टिकला.

शेक्सपिअरच्या हॅम्लेटने तर चार ओळींत दोन्ही अर्थ वापरलेत. ओफिलियाला तो लिहितो: तारे अग्नीचे आहेत यावर हवं तर विश्वास ठेवू नकोस, सूर्य फिरतो यावरही ठेवू नकोस, सत्य खोटारडं आहे असा संशय घे, पण माझं प्रेम आहे याबद्दल शंका नको. चारही ठिकाणी क्रियापद 'डाउट'च. पहिल्या दोन ओळींत आणि चौथीत 'नसावं', तिसरीत मात्र सरळ 'असावं'. वर्गात ही तिसरी ओळ आली की मी घसा साफ करायचो आणि पुढे जायचो. निवृत्त झाल्यावर कबूल करायला हरकत नाही.

त्यातला 'बी' हे वेगळंच प्रकरण. मधल्या काळात इंग्रज हा शब्द 'बी'शिवायच लिहीत होते. मग पंडितांना लॅटिनचं मूळ दाखवायची हौस आली आणि त्यांनी 'बी' आत कोंबला. 'डेट', म्हणजे कर्ज, त्यातही तसाच. लोकांनी तो लिहिला, उच्चारला कधीच नाही. शेक्सपिअरच्याच दुसऱ्या एका नाटकातला पंतोजी यावरून चिडतो, लोक 'बी' खातात म्हणून. आमच्या जातीचा माणूस.

मॉन्ट्रियलची_माई
मास्तरांच्या फ्रेंचवरून आठवलं. इथे फ्रेंचच्या शिकवणीत आम्हाला यासाठी बडबडगीत शिकवलं होतं. 'ज दूत' म्हटलं की शंका, म्हणजे तुमचं 'नसावं'. त्यातच स्वतःकडे वळणारा 'म' घातला, 'ज मां दूत', की झालं 'मला वाटलंच होतं', म्हणजे 'असावं'. एकाच क्रियापदाला एक टाका घालून दिशा बदलतात. आपला 'की' आणि 'याबद्दल' तसाच टाका आहे म्हणायचा.

जाज्वल्य_देवरुखकर
सगळं ठीक आहे, पण एवढं वाकायचं कशाला? भारतात कोट्यवधी लोक 'आय हॅव अ डाउट' म्हणतात आणि समोरच्याला कळतं. आपली इंग्रजी ही आपली इंग्रजी. 'प्रीपोन' आपण काढला, चालतोय ना? लीड्सवाल्यांनी शिकावं आपलं. दोनशे वर्षं आपण त्यांचं शिकलो.

मेथीची_जुडी
देवरुखकर, आवेश आवडला, पण बिलं त्यांची चुकत होती आणि शिव्या मला बसल्या.

काळा_चहा
इथे दोन प्रकरणं वेगळी करा राव. 'आय हॅव अ डाउट' म्हणजे 'मला एक प्रश्न आहे' हा आपला वापर. कोचिंग क्लासात 'डाउट सेशन' असतं, पोरं रांगेत उभी राहून 'डाउट क्लिअर' करून घेतात. इंग्रजाला ते ऐकून वाटतं, याला माझं म्हणणं पटलेलं दिसत नाही. भुवई उंचावते, संपलं. तिथे मी देवरुखकरांच्या बाजूने आहे, फार तर परक्यासमोर 'क्वेश्चन' म्हणा. पण 'आय डाउट'पुढे अख्खं वाक्य जोडलं की अर्थ उलटा होतो. तिथे अभिमान चालत नाही. औषधाच्या बाबतीत कुणी नर्स डॉक्टरला असं बोलली तर?

आणि 'आय हॅव अ डाउट' फक्त आपलंच नाही. मी स्पॅनिश शिकतोय. ते लोक प्रश्न विचारायच्या आधी सर्रास म्हणतात, 'तेंगो उना दूदा', माझ्याकडे एक शंका आहे. शब्दशः आपलंच.

फोंड्याचो_पाव
पोर्तुगीजमध्येही तसंच, 'तेन्यु उमा दूविदा'. आमच्या कोंकणीत 'म्हाका दुबाव आसा'. 'दुबाव' शंकेलाही चालतो, संशयालाही. म्हणजे आम्हीही जुडीताईंच्याच बसमध्ये.

गिरगावचा_डब्बा
अभ्यासू लोक मुंबईला विसरले. आमच्याकडे डाउट 'येतो', डाउट 'असतो' आणि सगळ्यात वर, डाउट 'खातात'. 'पप्पांनी डाउट खाल्ला रे' म्हणजे पप्पांना संशय आला, आता चपला घाल आणि सटक. हा डाउट शंभर टक्के 'असावं'वाला. कुठली लीड्स आणि कुठलं काय.

पण गंमत बघा, 'उद्या मॅचला येतोस?' 'डाउटफुल आहे रे.' इथे तोच मुंबईकर बरोबर इंग्रजांसारखा वापरतो. डाउटफुल म्हणजे येणार नाही, फक्त तोंडावर नाही म्हणवत नाही.

पाचवा_मजला
'डाउट खाल्ला'ला सलाम. आमच्याकडे नाशकात पण चालतो.

वकीलसाहेब_सातारकर
उशिरा आलो, तारीख होती. 

आमच्या धंद्यात हा घोळ रोजचा आहे. मराठी पेपरातली कुठल्याही फौजदारी खटल्याची बातमी काढा. सुरुवातीला: पोलिसांनी एका संशयिताला ताब्यात घेतलं. काही वर्षांनी त्याच प्रकरणात: न्यायालयाने संशयाचा फायदा देऊन त्याची निर्दोष मुक्तता केली. संशयावरून आत, संशयावरून बाहेर! पहिला संशय म्हणजे 'सस्पिशन', याने केलं असावं. दुसरा म्हणजे 'डाउट', याने केलं नसावं अशी शक्यता उरते. पहिला पोलिसाच्या मनात, दुसरा न्यायाधीशाच्या. पक्षकाराला समजावताना मला दर वेळी हातवारे करावे लागतात. एकदा एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं होतं, 'साहेब, संशय अजून आहे तर मग सोडला कसा माझ्या पोराला?' पोरगा सुटल्याचा आनंद बाजूला, त्यांना वाटत होतं कोर्ट अजून त्याला चोरच समजतंय. घरी नेऊन भाकरी वाढतील की नाही अशी वेळ.

सर्वोच्च न्यायालयाने अनेक निकालांत म्हटलंय की संशय कितीही दाट असला तरी तो पुराव्याची जागा घेऊ शकत नाही. हे वाक्य इंग्रजीत वाचलं तर तिथे 'सस्पिशन' आहे. आणि गुन्हा 'वाजवी संशयापलीकडे' सिद्ध झाला पाहिजे, तिथे 'डाउट' आहे. दोन्ही वाक्यं मराठीत शेजारी ठेवली तर वाचणारा चक्रावतो.

या 'डाउट'ची सगळ्यात गाजलेली कथा इंग्लंडमधलीच. १९३५ साली हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च कोर्टापुढे, वुलमिंग्टन नावाच्या तरुण शेतमजुराचा खटला आला. बायको बंदुकीच्या गोळीने मेली होती, तो म्हणत होता की गोळी चुकून सुटली. खालच्या न्यायाधीशाने ज्यूरीला सांगितलं होतं की अपघात होता हे त्याने सिद्ध करावं. लॉर्ड्सनी ते उलटवलं: गुन्हा सिद्ध करणं सरकारचं काम, पुराव्यानंतर वाजवी शंका उरली तर आरोपी सुटलाच पाहिजे. फाशीची शिक्षा झालेला माणूस घरी गेला. एका 'डाउट'ने तुमचे दोन दिवस गेले ताई, त्याचा जीव वाचला.

निवृत्त_मास्तर
वकीलसाहेब, ती भाकरीची गोष्ट शाळेत सांगायला हवी होती. व्याकरण आपोआप डोक्यात गेलं असतं.

कट्ट्यावरचा_तिसरा
क्रिकेटमधला 'बेनिफिट ऑफ डाउट' पण तोच. फलंदाज बाद आहे का नाही, पंचाला खात्री नाही, मग नाबाद. 'बाद असावा' असं नुसतं वाटून बोट वर करायचं नाही. झेलाच्या बाबतीत मैदानावरचे पंच आधी आपला अंदाज सांगायचे, तो 'सॉफ्ट सिग्नल' २०२३ मध्ये काढून टाकला. तो काय होता? पंचाचा 'सस्पेक्ट'. आता फक्त तिसऱ्या पंचाचा 'डाउट' उरलाय.

काळा_चहा
@तिसरा, ताणलंयस, पण झेल घेतलास.

शास्त्री_बुवा_नसलेला
माझं संस्कृत अर्धवट आहे, तरी दोन ओळी. न्यायदर्शनात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात (कोर्टाचा संबंध नाही), सोळा पदार्थ, म्हणजे विचाराचे विषय, मानलेत, त्यात प्रमाण आणि प्रमेय झाले की तिसरा 'संशय'. त्याचं ठरलेलं उदाहरण: संधिप्रकाशात लांबवर काहीतरी उभं दिसतंय. 'स्थाणुर्वा पुरुषो वा', खांब की माणूस? उंची दोघांना जुळते, हात दिसत नाहीत, पानंही दिसत नाहीत. मन दोन टोकांमध्ये झुलतंय आणि कुठल्याच बाजूला कललेलं नाही. तो शुद्ध संशय.

मला धागा वाचताना वाटलं ते हे. संस्कृतातला संशय तराजूचा काटा मधोमध धरतो. इंग्रजी 'डाउट' म्हणतो, माणूस नसावा, खांबच दिसतोय. 'सस्पेक्ट' म्हणतो, माणूसच असावा, काठी घे. आपण मराठीत मधोमधचा शब्द उचलला आणि कललेल्या दोन्ही इंग्रजी शब्दांसमोर तोच ठेवला. कल मग 'की' आणि 'याबद्दल'ने द्यावा लागला.

लॅटिन 'दुबितारे'च्या पोटात दोन हा आकडा आहे. जर्मनमध्ये शंकेला 'त्स्वायफेल' म्हणतात, त्यातही 'त्स्वाय' म्हणजे दोन. आणि माझी आजी 'दुग्ध्यात पडले गं बाई' म्हणायची, जावं की न जावं ठरत नसलं की. सगळीकडे दोन रस्तेच.

गिरगावचा_डब्बा
लघुशंकेत पण दोन रस्ते असतात का? खरंच विचारतोय.

शास्त्री_बुवा_नसलेला
तिथे एकच रस्ता असतो आणि तो लवकर सापडावा लागतो.

वसईची_सुरंगी
'डाउटिंग थॉमस' कुणी काढला नाही अजून? आमच्याकडे लहानपणी प्रत्येक चिकित्सक पोराला हेच नाव पडायचं. येशू मेलेल्यातून उठला हे बाकीच्या शिष्यांनी सांगितलं, थॉमस म्हणाला, खिळ्यांच्या खुणा बघितल्याशिवाय मी मानणार नाही. इंग्रजांचा डाउट कसा 'नसावं'कडे झुकतो त्याचं हे पक्कं उदाहरण. आणि परंपरेने हाच थॉमस पुढे भारतात आला असं मानतात, चेन्नईतलं सांथोम त्याच्याच नावाचं. तुमच्या 'डाउट सेशन'चा आद्य विद्यार्थी म्हणा ना.

जाज्वल्य_देवरुखकर
कोकणात अशा पोराला शंकासुर म्हणतात. थॉमसची गरज नाही.

वसईची_सुरंगी
काका, वसईपण कोकणातच येते.

पाचवा_मजला
एक राहिलंच. 'नो डाउट' म्हणजे तरी नक्की ना? का तिथेही सापळा?

निवृत्त_मास्तर
सापळाच. 'विदाउट अ डाउट' म्हणजे नक्की. 'नो डाउट' त्यापेक्षा कच्चा: 'नो डाउट ही विल कॉल यू' म्हणजे करेल बहुतेक फोन. कधी कधी टोमणाही असतो. साहेबाने लिहिलं, 'नो डाउट यू हॅव रेड माय रिपोर्ट', तर तुम्ही तो वाचलेला नाही हे त्याला कळलंय. आपल्या 'वाचलाच असेल तुम्ही' सारखं.

मेथीची_जुडी
आज बुधवार, ताजी खबर. अपग्रेड मागे घेतलं, बेरजा सरळ झाल्या. पैशांचं पूर्णांकन नव्या आवृत्तीत वेगळ्या पद्धतीने होत होतं, एक पेनी तिथेच गळत होती. म्हणजे शंका खरी होती, शब्द खोटा होता. लीडला मी माफीचा मेल केला आणि मास्तरांचं भाताचं उदाहरणही लिहून पाठवलं. त्याने उत्तर दिलं की त्याची आजी स्कॉटिश होती, तीही पावसाबद्दल असंच बोलायची, आणि लहानपणी तोही एकदा भिजलाय.

आजच्या कॉलवर आमच्या टीममधला नवा मुलगा बोलायला लागला, 'आय डाउट द सर्व्हर...' लीडने त्याला तिथेच थांबवलं आणि विचारलं, 'पुणे डाउट ऑर लीड्स डाउट?'

मुलगा गोंधळला. मॅनेजर मात्र पहिल्यांदाच अनम्यूट झाले आणि म्हणाले, 'पुणे.'